फ्लॅटमधील हौशी रेडिओ केंद्र

गच्चीवर खांब किंवा तार लावायला सोसायटीची परवानगी नसताना खोली, खिडकी किंवा बाल्कनी एवढ्याच जागेत ॲंटेना बसवून चालवलेले हॅम केंद्र. भारतात त्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा द्यावी लागते. किमान वय १२. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणींपैकी फ्लॅटमध्ये पहिली पुरते. मात्र परवाना सरकारचा आणि गच्ची सोसायटीची. हातात परवाना आहे म्हणून व्यवस्थापन समितीला नियम बदलावे लागत नाहीत. अमेरिकेतही एफसीसी या दूरसंचार नियामकाचा हौशी ॲंटेनांबाबतचा १९८५चा पीआरबी-१ आदेश स्थानिक प्रशासनालाच लागू होतो, खासगी वसाहतींच्या करारांना नाही.

नवखा माणूस ॲंटेनाच्या लांबीची काळजी करत बसतो. प्रत्यक्षात जास्त नडतो तो खरखराट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वाय-फाय राउटरचा ॲडॉप्टर, इन्व्हर्टर हे सगळे लघुलहरींवर गोंगाट करतात. रिसीव्हर बॅटरीवर चालवून घरातला मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली तर दोष आपल्याच घरात आहे. मग एकेक एमसीबी चालू करत उगम शोधता येतो. तरीही राहिली तर ती शेजाऱ्यांकडून किंवा लिफ्टच्या मोटरकडून येते.

सुरुवात १४४–१४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर करणे सोपे. ४९ सेंमीची उभी तार आणि तिच्या बुडाशी ४५ अंशांत खाली झुकलेल्या, तिच्याहून किंचित लांब चार तारा एसओ-२३९ या केबलच्या सॉकेटवर जोडल्या की ॲंटेना तयार. ती लोखंडी ग्रिलपासून निदान अर्धा मीटर दूर टांगावी. ग्रिलला खेटून ठेवली तर एसडब्ल्यूआर (ॲंटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) बिघडतो आणि तारा कितीही कापल्या तरी जुळत नाही.

लघुलहरींसाठी चुंबकीय लूप हा फ्लॅटमधला सर्वांत भरवशाचा पर्याय. २२ मिमी जाडीच्या तांब्याच्या नळीचे १ मीटर व्यासाचे वर्तुळ करायचे, वरच्या फटीत व्हेरिएबल कपॅसिटर (धारकता कमीजास्त करता येणारा) बसवायचा आणि तळाशी २० सेंमी व्यासाचे छोटे वेटोळे ठेवून त्याला केबल जोडायची. १४ मेगाहर्ट्झवर सुमारे ५० पिकोफॅरड धारकता लागते, ७ मेगाहर्ट्झवर २०० च्या आसपास. पहिल्या पट्ट्यावर या नळीची कार्यक्षमता हिशेबाने ६५ टक्क्यांच्या घरात येते, दुसऱ्यावर जेमतेम १५ टक्के. म्हणून सुरुवात ७ वर करू नये. सांधे चांदीमिश्रित किंवा साध्या सोल्डरने नीट झाळावेत, स्क्रूने आवळलेला सांधा चालत नाही: प्रारणरोध, म्हणजे लहरी बाहेर टाकण्यात कामी येणारा रोध, ०.१ ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे ०.०५ ओहमचा जोडही शक्तीचा मोठा भाग खाऊन टाकतो.

फक्त १० वॅट दिले तरी कपॅसिटरवर अडीच हजार व्होल्टच्या वर दाब चढतो. जुन्या रेडिओतल्या गँग कपॅसिटरच्या पत्र्यांमध्ये एवढी फट नसते, ठिणग्या पडतात. रुंद फटीचा बटरफ्लाय कपॅसिटर घ्यावा. प्रक्षेपण चालू असताना नळीला हात लावू नये आणि १० वॅटलाही दोनेक मीटर दूर बसावे, मुलांनाही बसवावे. लूपच्या पातळीला काटकोनात असलेल्या दिशेकडून तो फारच कमी ऐकतो, तेव्हा फिरवून शेजारच्या चार्जरची खरखर दाबता येते. उभ्या तारेत ही सोय नाही.

लूपचा पट्टा अरुंद, १५ ते २० किलोहर्ट्झचा. वारंवारता थोडी बदलली की पुन्हा ट्यून करावे लागते. एफटी८ या डिजिटल पद्धतीत १४.०७४ मेगाहर्ट्झवर एकाच जागी बसून काम भागते, त्यामुळे लूप आणि एफटी८ची जोडी चांगली जमते. कानाला ऐकू न येणारा संकेतही तीत उकलतो. संगणकाचे घड्याळ मात्र एका सेकंदाच्या आत बरोबर हवे, नाहीतर समोर काहीच उमटत नाही.

बाल्कनीच्या कठड्यावर १० मीटर तार फिरवून ४९:१ ट्रान्सफॉर्मरने (तारेचा रोध केबलशी जुळवणाऱ्या) चालवणारेही आहेत. तिथे केबलचे आवरणच ॲंटेना बनते, आणि शेजाऱ्याच्या टीव्हीवर किंवा इंटरकॉमवर आवाज उमटून तक्रार थेट सेक्रेटरीकडे जाते. ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट रिंगवर केबलचे १० ते १२ वेढे देऊन चोक (आवरणावरचा प्रवाह अडवणारा) बसवला तर बराच फरक पडतो. ट्रान्सफॉर्मरपासून थोड्या अंतरावर, केबल घरात शिरते त्या जागी तो बसवावा. विजा चमकायला लागल्यावर तार काढून ठेवावी, केबल सेटपासून सोडवावी.