मॉन्टगोमेरी बस बहिष्कार (१९५५-५६)

अमेरिकेत अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी, तिथल्या कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस सिटी बसवर टाकलेला हा बहिष्कार.

बसमधल्या पुढच्या दहा सीट गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी बसायचं नाही. पैसे पुढच्या दाराने चढून द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत यायचं, आणि कधीकधी तेवढ्यात ड्रायव्हर बस घेऊन निघून पण जायचा. आणि प्रवासी तर जवळपास ७५ टक्के काळेच, म्हणजे बस कंपनी चालायची ती यांच्याच पैशावर!

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडली नाही, त्यांना अटक झाली आणि त्यातून हा बहिष्कार सुरू झाला. त्या दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही गोष्ट सगळीकडे सांगतात पण त्यामुळे आधीची सगळी मेहनत झाकली जाते. पार्क्स नागरी हक्कांच्या कामात कित्येक वर्षं होत्या, १ डिसेंबरला ज्याने पोलीस बोलावले त्याच ड्रायव्हरने १९४३ मध्येही त्यांना बसमधून उतरवलं होतं. १९५५ च्याच मार्चमध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीला अशीच अटक झालेली. आणि कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी तर १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. पार्क्सना अटक झाली त्या रात्री रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढली.

नेता म्हणून २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले, जानेवारीत त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पण माझ्या मते हे आंदोलन तगलं ते धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांमुळे, त्या रोज मैलोनमैल चालत कामाला जायच्या. सुरुवातीला काळे टॅक्सीवाले बसच्या भाड्यात, १० सेंटमध्ये न्यायचे, शहराने कमीत कमी ४५ सेंट घ्यायची सक्ती केली, मग लोकांनी स्वतःच्या साधारण ३०० गाड्या काढल्या, कुठून कुणाला उचलायचं ते ठरवून. पेट्रोलला पैसे लागायचे. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी मैत्रिणी जमवल्या, घरोघरी केक आणि पाय (pie) करून विकायचे आणि पैसे सभेत आणून द्यायचे. गटाचं नावच 'कुठूनच न आलेला क्लब' (Club from Nowhere), म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर कुठूनच नाही! बहिष्कार चालवल्याबद्दल किंग यांच्यावर खटला झाला, त्यात साक्ष दिल्यावर गिलमोर यांची नोकरी गेली, तर त्यांनी घरीच खानावळ सुरू केली.

निकाल लागला तो कोर्टात, ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि तीच क्लॉडेट कोल्व्हिन या चौघींच्या दाव्यात. १३ नोव्हेंबर १९५६ ला सुप्रीम कोर्टाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, पुढच्या सीटवर. लगेच काही दिवसांत बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, जानेवारीत चर्चमध्ये बॉम्ब फुटले. पार्क्स यांची नोकरी केव्हाच गेली होती, १९५७ मध्ये त्यांना मॉन्टगोमेरी सोडून डेट्रॉइटला जावं लागलं.