पीट पॉसलथ्वेट

पीटर विल्यम पॉसलथ्वेट (७ फेब्रुवारी १९४६ – २ जानेवारी २०११). ब्रिटिश रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांत वावरलेले चरित्र अभिनेते. आपल्याकडच्या अनेकांनी त्यांना पाहिलेले असते, नाव मात्र ठाऊक नसते. ‘इन्सेप्शन’मध्ये अंथरुणाला खिळलेला उद्योगपती, ‘ज्युरासिक पार्क’च्या दुसऱ्या भागातला शिकारी रोलंड टेंबो, ‘द युज्वल सस्पेक्ट्स’मधला कोबायाशी नावाचा वकील, हे सगळे तेच. वर आलेली गालफडे, जाड नाक आणि खोल गेलेले डोळे. असा चेहरा नायकाच्या भूमिकांसाठी कुणी शोधत नाही. पॉसलथ्वेट यांनी त्याच चेहऱ्यावर जवळजवळ चार दशके काम केले.

त्यांचा जन्म इंग्लंडच्या वायव्येला वॉरिंग्टन या गिरण्या-कारखान्यांच्या गावात, कॅथलिक कामगार कुटुंबात झाला. चार भावंडांत ते धाकटे. आडनावही त्याच उत्तरेकडचे. त्यातल्या ‘थ्वेट’चा अर्थ झाडे तोडून मोकळी केलेली जमीन. नाटकात शिरल्यावर हे लांबलचक आडनाव बदलण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही आणि ते योग्यच झाले, कारण त्यांच्या अभिनयातला अस्सलपणा याच मातीतला होता. तरुणपणी धर्मगुरू होण्याचे त्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात त्यांनी शिक्षकी पेशा धरला आणि मँचेस्टरमधल्या मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेत नाट्यविषय शिकवला. मग ती नोकरी सोडून ब्रिस्टल ओल्ड विक नाट्यशाळेत ते स्वतःच विद्यार्थी झाले.

त्यांची खरी घडण लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये झाली. होप स्ट्रीटवरच्या एका जुन्या प्रार्थनागृहाच्या इमारतीत १९६४ साली हे नाट्यगृह सुरू झाले होते. सत्तरच्या दशकात तिथे ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर असे नट एकाच वेळी उमेदवारी करत होते, तर ॲलन ब्लीझडेल आणि विली रसेल तिथे नाटके लिहीत होते. नाटक लिव्हरपूलच्या माणसांचे, त्यांच्याच बोलीत आणि त्यांना परवडेल असे असावे, अशी त्या मंडळींची धारणा होती. प्रसंगी ही मंडळी खेळ घेऊन पबमध्येही जात. समोरचा माणूस हातात ग्लास घेऊन उभा आहे, कंटाळला तर तोंडावर सांगेल, अशा ठिकाणी नटाला खोटे काही करून भागत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात पॉसलथ्वेट रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेत दाखल झाले.

टेरेन्स डेव्हिस यांच्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्हज’ (१९८८) या चित्रपटाने त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले. १९४०-५०च्या दशकांतले लिव्हरपूल, कामगाराचे घर आणि त्या घरावर दहशत बसवणारा बाप. एका प्रसंगात तो घोड्याला खरारा करत आपल्याच तंद्रीत गाणे गुणगुणतो आणि मुले गवताच्या माळ्यावरून त्याला गुपचूप पाहत राहतात. दुसऱ्या प्रसंगात नाताळचे जेवण मांडलेले असते, मुले गप्प बसलेली असतात, बापाची मूठ आवळत जाते आणि टेबलक्लॉथ ओढून तो सगळे ताट-वाट्यांसकट खाली पाडतो. हा बाप खलनायक म्हणून रंगवणे सोपे होते. पॉसलथ्वेट त्याला माणूसच ठेवतात, म्हणून तो जास्त भीतिदायक वाटतो.

त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी भूमिका याच्या अगदी उलट बापाची आहे. ५ ऑक्टोबर १९७४ रोजी इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावातल्या पबांत बॉम्बस्फोट झाले. त्या प्रकरणात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा गेरी कॉनलन विनाकारण गोवला गेला. मुलासाठी वकील पाहायला म्हणून लंडनला आलेले त्याचे वडील जुझेप्पे यांनाच पोलिसांनी पकडले, शिक्षा झाली आणि १९८० च्या जानेवारीत ते कैदेतच वारले. त्यांची शिक्षा रद्द व्हायला १९९१ साल उजाडले. जिम शेरिडन यांच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) मध्ये पॉसलथ्वेट जुझेप्पे झाले आणि डॅनिअल डे-लुइस गेरी. दोघांच्या वयात प्रत्यक्षात अकराच वर्षांचे अंतर, पण पडद्यावर ते क्षणभरही जाणवत नाही. बाप-लेक एकाच कोठडीत राहतात ही चित्रपटाने घेतलेली मुभा आहे. वास्तवात तसे नव्हते. जुझेप्पे आजारी, भिडस्त, जपमाळ ओढणारा. आवाज चढवून बोलणे त्याला जमत नाही, आणि तरीही मुलापेक्षा तोच खंबीर निघतो. तो गेल्याचे कळते तेव्हा कैदी खिडक्यांमधून पेटते कागद खाली सोडतात. त्या दृश्यात पॉसलथ्वेट नाहीत, पण ते जे पोचते ते त्यांच्या आधीच्या कामामुळे. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्स यांना गेला.

त्याच सुमारास ‘शार्प’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी ओबडाया हेक्सविल हा सार्जंट साकारला. आपली आई डोक्यावरच्या टोपीत आहे असे समजून तो टोपी काढून तिच्याशी बोलतो. ब्रिटिश प्रेक्षकांना हा क्रूर माणूस अजून आठवतो.

‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) कोळसा खाणी बंद पडण्याच्या काळातला. यॉर्कशरमधल्या ग्रिमली या काल्पनिक गावाची खाण बंद होणार आहे, आणि खाणकामगारांचा बँड चालवणारा डॅनी मात्र संगीतापलीकडे काही पाहायला तयार नाही. त्याच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ बसलेली आहे. तो रुग्णालयात असताना रात्री बँडवाले डोक्यावरचे दिवे लावून खिडकीखाली वाजवतात. शेवटी रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये, बँड स्पर्धा जिंकलेला असताना, संगीताचे मोल माणसांपुढे काहीच नाही असे डॅनी भरल्या सभागृहाला सांगतो. हे भाषण पुढे चुंबावाम्बा या गटाच्या एका गाण्याच्या सुरुवातीलाही जोडले गेले. कामगाराच्या घरातून आलेल्या नटाला ते शिकवावे लागले नसणार.

हॉलिवूडमध्ये ते वाट्याला आलेले काम मनापासून करत राहिले. पॉसलथ्वेट हे जगातले सर्वोत्तम नट आहेत, असे स्टीव्हन स्पीलबर्ग म्हणाल्याचे सांगतात. त्यांच्यासाठी पॉसलथ्वेट यांनी १९९७ या एकाच वर्षी दोन चित्रपट केले. २००४ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला.

२००८ साली लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. जगभर नाव झालेले पॉसलथ्वेट तेव्हा एव्हरीमनमध्येच परत आले आणि रूपर्ट गूल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘किंग लिअर’ केले. नंतर तो प्रयोग लंडनच्या यंग विक नाट्यगृहातही झाला.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द एज ऑफ स्टुपिड’ या हवामानबदलावरच्या चित्रपटात ते २०५५ सालचे अभिलेखपाल आहेत. उद्ध्वस्त झालेल्या जगात उरलेला हा माणूस जुनी चित्रणे पाहत, वेळ होता तेव्हा आपण काहीच का केले नाही, असे विचारतो. ही चित्रणे खऱ्या माणसांची आहेत. मुंबईत स्वस्त विमानसेवा उभी करणारे जेह वाडिया त्यांतले एक. पॉसलथ्वेट यांच्यासाठी ही नुसती भूमिका नव्हती. चित्रपटाच्या लंडनमधल्या पहिल्या खेळाला ऊर्जामंत्री एड मिलिबँड हजर होते. किंग्जनॉर्थच्या नव्या कोळसा वीजकेंद्राला सरकारने परवानगी दिली तर आपण किताब परत करू, असे पॉसलथ्वेट यांनी तिथेच जाहीर केले.

२०१० मध्ये त्यांचे तीन मोठे चित्रपट आले. ‘इन्सेप्शन’मध्ये त्यांच्या वाट्याला मोजकी मिनिटे आणि खाटेवरून पुटपुटलेले थोडे शब्द आहेत, पण साऱ्या कथेचा उलगडा त्यांवरच होतो. ‘द टाउन’मधला फर्गी फुलांच्या दुकानात गुलाबांचे देठ छाटता छाटता शांतपणे धमकी देतो. तेव्हा पॉसलथ्वेट कर्करोगाशी झुंजत होते. २ जानेवारी २०११ रोजी, चौसष्टाव्या वर्षी, श्रॉपशरमध्ये त्यांचे निधन झाले. फर्गीच्या भूमिकेसाठीचे बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नामांकन त्यानंतर जाहीर झाले. त्यांचे आत्मचरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. एव्हरीमनची जुनी इमारतही २०११ मध्येच पाडायला घेतली. त्याच जागी २०१४ साली नवे नाट्यगृह उघडले.