अलेप्पो की नाब्लुस? ऑलिव्ह साबणातला घोळ

ऑनलाइन 'अस्सल ऑलिव्ह सोप' शोधलं की अलेप्पो आणि नाब्लुस ही दोन नावं येतात आणि विकणारे पण सरळ एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव टाकतात. घोळ होणारच म्हणा, कारण सीरियातलं अलेप्पो काय नि पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस काय, दोन्हीकडे ऑलिव्ह तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा मोठ्या हौदात दिवसच्या दिवस शिजवतात, मग तो रगडा जमिनीवर ओतून सपाट करायचा, बर्फीसारख्या वड्या पाडायच्या, शिक्का मारायचा आणि हवा खेळेल अशी चळत रचून सुकवायचं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत पण दोघं एकदमच गेले.

फरक आहे तो एका तेलाचा. अलेप्पोवाले शिजवणीच्या शेवटी लॉरेलच्या, म्हणजे परदेशी 'बे लीफ'च्या झाडाच्या, फळांचं तेल घालतात, तिकडे त्याला 'गार' म्हणतात. (आपलं तमालपत्र या झाडाचं नाही हां, ते दालचिनीच्या भावकीतलं.) नाब्लुसच्या साबणात हे तेल नसतंच, म्हणून तो पांढरट आणि जवळजवळ बिनवासाचा, अलेप्पोचा मात्र हिरवा आणि थोडा औषधी, धुरकट वासाचा. सहा-नऊ महिने सुकताना त्याची बाहेरची बाजू सोनेरी-तपकिरी होते पण आत हिरवा राहतो, त्यामुळे वडी सुरीने कापून बघायची, वर्षभर सुकवलाय असं सांगतात आणि बाहेरून पण हिरवागार असेल तर मला तरी शंका येते.

फेसाचं पण तेच. नुसत्या ऑलिव्हचा फेस कमी आणि बुळबुळीत, लॉरेलच्या तेलात मात्र खोबरेलात असतं तेच लॉरिक अॅसिड असतं म्हणून अलेप्पोचा फेस जरा बरा येतो. पॅकवर लॉरेलचे टक्के लिहिलेले असतात, ते जितके जास्त तितकी किंमत वर, वास पण उग्र. रोजच्या आंघोळीला महागडा ४० टक्केवाला घ्यायची काही गरज नाही असं माझं मत.

आणि हो, 'नॅचरल आहे, सोडा नाहीच' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सोड्याशिवाय असा वडीचा साबण होतच नाही, पूर्वी नाब्लुसमध्ये पण वनस्पतींची राख आणि चुना मिसळून तोच क्षार काढायचे. तयार वडीत मोकळा सोडा उरत नाही एवढंच, पण साबण अल्कलाइनच राहतो, डोळ्यात गेला की झोंबतो.

सीरियातल्या युद्धात अलेप्पोचे बरेच कारागीर तुर्कस्तानात गाझिआनतेपला गेले आणि तिथे तोच साबण करायला लागले, तेव्हा मागे 'मेड इन तुर्की' दिसलं म्हणून लगेच डुप्लिकेट समजू नका. बोअरच्या पाण्याने केस धुणार असाल तर मात्र अलेप्पो-नाब्लुस दोन्ही नको, जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो.