लष्करी रायफलीचा बदली चाप

जुन्या लष्करी रायफलीचा मूळ चाप काढून त्या जागी शिकारीला किंवा नेमबाजीला सोयीचा तयार चाप बसवण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर चांगलीच रुळली. युद्धातून उरलेल्या रायफली स्वस्तात मिळत होत्या आणि त्यांना शिकारी रूप देणारे कारागीरही होते. १९४६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘टिम्नी’सारख्या चाप बनवणाऱ्या कंपन्या अशाच मागणीवर वाढल्या. सर्वांत जास्त बदल झाले ते माउझर ९८ या घडणीच्या रायफलींत. जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेली ‘गेव्हेअर ९८’ आणि १९३५ ची आखूड ‘काराबिनर ९८ के’ या तिच्या सर्वांत प्रसिद्ध आवृत्त्या.

मूळ चाप बदलण्याआधी तो कसा चालतो ते समजून घ्यायलाच हवे. रायफल ताणलेली असताना फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या दांडीच्या, मागचा कॉकिंग पीस हा भाग ‘सीअर’ नावाच्या पोलादी तुकड्यावर अडलेला असतो. माउझरच्या चापाला वरच्या बाजूला दोन उंचवटे असतात. बोट मागे घेतले की पहिला उंचवटा रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या मधल्या पोलादी सांगाड्याच्या, तळाला टेकून सीअर खाली खेचतो. हा प्रवास लांब आणि हलका. मग दुसरा उंचवटा टेकतो आणि बोटाला भिंत लागल्यासारखे वाटते. तिथून थोडासाच जोर लावला की सीअर सुटतो. या रचनेमुळे ताणलेल्या रायफलीत सीअरची पकड खोल राहते. चिखल, थंडी, खंदकातली आदळआपट आणि हातमोजे घातलेले बोट यांचा विचार करून ती तशी ठेवलेली आहे. म्हणून लांब ओढ हा या चापाचा दोष मानणे अन्यायाचे आहे. खरा त्रास असतो खरखरीचा, आणि ती पुष्कळदा साठलेले जुने घट्ट तेल, गंज किंवा सैल स्क्रू यांमुळे येते. चाप विकत घेण्याआधी रायफल नीट साफ करून पाहावी; अनेकांची खरेदी तिथेच टळेल.

तरीही बदलायचाच असेल, तर बहुतेक तयार चाप एका टप्प्याचे असतात: आधीचा मोकळा प्रवास नाही, थेट भिंत. ओढीचे वजन, सुटण्याआधीची सरक आणि सुटल्यानंतरची धाव स्क्रूने कमी-जास्त करता येते. अनेक चाप मूळ सीअरच्याच आडव्या पिनवर बसतात, पण त्यांची पेटी मोठी असल्यामुळे दस्त्याचे लाकूड आतून कोरावे लागते. कोरलेले लाकूड परत येत नाही. जिचे सुटे भाग अजून मूळचेच, एकच क्रमांक कोरलेले आहेत, अशा रायफलीत हे करू नये. ज्या रायफलीचा दस्ता आधीच कापला गेला आहे, तिच्यावर खुशाल करावे.

निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न मात्र सेफ्टीचा, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणाऱ्या खिट्टीचा आहे. माउझरची मूळ सेफ्टी बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागे उभी राहणारी पाकळी असते. ती कॉकिंग पीसला सीअरवरून किंचित मागे उचलून तिथेच जखडते, म्हणजे फायरिंग पिनच अडकवून ठेवते. दुर्बीण खाली बसवली की ही पाकळी तिला आडवी येते, म्हणून लोक बाजूला सेफ्टी असलेला चाप घेतात. अशी सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते, फायरिंग पिनला हात लावत नाही. त्यापेक्षा सेफ्टी नसलेला चाप घ्यावा आणि बोल्टवर आडवी फिरणारी, फायरिंग पिन जखडणारी सेफ्टी बसवावी. खर्च जास्त येतो, पण शंका राहत नाही.

बसवल्यानंतरची परीक्षा रिकाम्या रायफलीवर करतात. सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची: पिन सुटता कामा नये. बोल्ट जोरात बंद करायचा, दस्त्याच्या टोकावर रबरी हातोडी ठोकायची. एकदा जरी पिन सुटली तरी ओढ वाढवावी लागते, आणि तरीही सुटत असेल तर तो चाप काढावा.

जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकाऱ्यांना जोडचापाची आवड होती: एक चाप ओढून यंत्रणा सज्ज करायची, दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा. रशियन ‘मोसिन-नागां’ रायफलीचा चाप साधा आणि सरकता. फिनलंडने आपल्या एम २८-३० आणि एम ३९ आवृत्त्यांत तो सुधारून घेतला.

ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीची गोष्ट वेगळी आहे आणि ती भारतात विशेष लागू पडते, कारण तिची .३०३ बोअरची आवृत्ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनत असे आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिसांनी ती वर्षानुवर्षे खांद्यावर वागवली. तिच्या जुन्या आवृत्तीत चाप रिसीव्हरला टांगलेला नसून चापाभोवतीच्या खालच्या कडीला टांगलेला आहे. पावसाळ्यात लाकूड फुगले किंवा उन्हाळ्यात आकसले की कडी हलते आणि ओढही बदलते. १९४९ च्या ‘नंबर ४ मार्क २’ मध्ये चाप रिसीव्हरलाच टांगून इंग्रजांनी ही अडचण दूर केली. त्याआधीच्या रायफलीत चाप बदलण्यापेक्षा लाकडाची बैठक नीट करणे हाच उपाय आहे. हे काम घरी करायचे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार धंदा म्हणून बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो.