बाळाच्या खाण्याचा डबा घराघरात पोचला कसा?

बेबी फूडची मागणी वाढतेय म्हटलं की लोक लगेच आजकालच्या आयांना नावं ठेवायला लागतात, पण ही गोष्ट खूप जुनी आहे आणि तिची सुरुवात आयांनी केलेलीच नाही. इंग्रजांच्या काळात ग्लॅक्सो कंपनीच्या दूध पावडरीचा डबा विलायतेहून यायचा, परवडायचा मोजक्याच घरांना, बाकी सगळीकडे बाळ अंगावर पीत असायचं आणि मग नाचणीसत्त्व, मऊ भात, वरणाचं पाणी. १९५५ मध्ये आणंदला म्हशीच्या दुधाची पावडर करणारी डेअरी सुरू झाली, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्नसंशोधन संस्थेने त्याच दुधापासून बाळांना चालेल अशी पावडर बनवायची पद्धत काढली, आणि साठच्या दशकात अमूलचा देशी डबा दुकानात आला. त्याच सुमारास नेस्लेचा पंजाबात मोगाला कारखाना झाला.

पण डबा नुसता दुकानात ठेवून खपत नाही ना, म्हणून गुटगुटीत बाळांच्या जाहिराती आल्या, डॉक्टरांकडे आणि प्रसूतिगृहांत फुकट सॅम्पल्स पोचली. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांतच बाटली लागली की बाळ अंगावर कमी ओढतं, मग दूधही कमी येतं, आणि घरी गेल्यावर डबा विकत घेण्याशिवाय इलाज राहत नाही. गरीब घरात तो महाग डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणजे पावडर कमी, पाणी जास्त, तेही न उकळलेलं, की लागले जुलाब. यात जगभर किती बाळं गेली, विचार केला तरी जीव तुटतो.

शेवटी १९७७ मध्ये अमेरिकेत अशा विक्रीवरून नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये अशा डब्यांच्या विक्री-जाहिरातीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली, आणि आपल्याकडे १९९२ चा कायदा. डब्यावर बाळाचा फोटो नको, फुकट सॅम्पल नको. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाण्याची जाहिरातच बंद झाली. मुंबईतल्या डॉ. आर. के. आनंद यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ यासाठी वर्षानुवर्षं झगडले, त्यांचं नाव फार कमी जणांना माहितीये याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी मागणी वाढतेच आहे, कारण शहरात घरं लहान झाली, मदतीला आजी नाही, आणि २०१७ पासून मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतमजूर बाईच्या वाट्याला येतच नाही. आणि डब्यात काय असतं हा प्रश्न वेगळाच, २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवलं की भारतातल्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळपास ३ ग्रॅम वरून घातलेली साखर आहे, जर्मनी-ब्रिटनमध्ये त्याच कंपनीच्या तशाच खाण्यात शून्य. त्यावर आरडाओरड झाली, आणि त्यानंतर इथे बिनसाखरेचे प्रकार आले.