शिक्का स्टुडिओचा, वंश माणसाचा

जुन्या फोटोच्या मागचा शिक्का वाचायचा, त्यावरचं स्टुडिओचं नाव उचलायचं, आज त्या दुकानात बसलेल्या पोरापर्यंत एक सरळ रेघ ओढायची आणि 'चार पिढ्यांचं छायाचित्रकार घराणं' असं लिहून मोकळं व्हायचं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांबद्दल असं लिखाण सारखं दिसतं. त्यात स्टुडिओची वंशावळ आणि घराण्याची वंशावळ यांची खिचडी झालेली असते. एकदा ती छापून आली की पुढचा लिहिणारा तिलाच पुरावा धरतो.

घराण्याची वंशावळ कशी काढायची हे इकडे कुणाला शिकवायला नको. जातपडताळणीच्या पायी घरटी एक माणूस त्यात तरबेज झालेला आहे. कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल, शाळेचं दाखल-खारीज (मुलांच्या प्रवेशाचं रजिस्टर), बंदोबस्त मिसल (जुन्या जमीन-आकारणीचे कागद), अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या, सगळं ठाऊक असतं. फोटोग्राफरपुरतं एवढंच सांगतो की कोतवाल बुकात आडनाव पुष्कळदा नसतंच, नुसतं बापाचं नाव आणि जात असते. म्हणून आजोबाचं नाव आणि मूळ गाव पक्कं केल्याशिवाय तिकडे जाऊ नका. दाखल-खारीजमध्ये पालकाच्या धंद्याचा रकाना असेल, तर आधी तोच पाहा.

स्टुडिओची वंशावळ हा निराळाच प्राणी. तिच्यात रक्त नसतं, सामान असतं: पाटी, काचा (म्हणजे काचेच्या निगेटिव्ह), पडदे, नक्षीची खुर्ची, नंबरांचं रजिस्टर. हे सामान मुलाकडे जातं तसंच जावयाकडे, भाच्याकडे, हाताखालच्या माणसाकडे किंवा रोख मोजणाऱ्या परक्याकडेही जातं, आणि नवा मालक पाटी बदलत नाही. बोर्न अँड शेफर्ड या जुन्या फोटो स्टुडिओचं नाव घ्या. शिमल्यात 1863 साली धंदा सुरू करणारा सॅम्युअल बोर्न 1870 च्या सुमारास मायदेशी गेला आणि पुढे धंद्यातूनही बाहेर पडला. कलकत्त्यात ते नाव 2016 पर्यंत दुकानावर होतं. दीडशे वर्षांत मालक कितीदा बदलले, पाटी तीच. याउलट 'राजा दीनदयाळ अँड सन्स' मधले सन्स खरेच होते, ग्यानचंद आणि धरमचंद. त्यातला धरमचंद 1904 साली, बापाच्या एक वर्ष आधी वारला. म्हणजे 'अँड सन्स' वाचून काहीच ठरत नाही. 'ब्रदर्स'चंही तेच, भागीदारही ब्रदर्स लिहीत.

पाटी का बदलत नाहीत? पैसा काचांत असतो म्हणून. फोटो ज्यावर चिकटवत त्या जुन्या पुठ्ठ्यांच्या मागे 'निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रत केव्हाही मिळेल' अशा अर्थाची ओळ छापलेली असते, ती नीट वाचा. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेरवीच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो, आणि त्या माणसाचा उभ्या जन्मात एकच फोटो निघालेला असतो. ज्याच्याकडे काच, त्याच्याकडे गिऱ्हाईक. स्टुडिओ विकत घेणारा खोली घेत नाही, खोली बहुधा भाड्याचीच असते. तो काचा आणि रजिस्टर घेतो.

खरी ठेच लागते ती इथे. जुन्या काचेवरून नव्या मालकाने प्रत काढली की पुठ्ठ्यावर शिक्का नव्या मालकाचा पडतो. शिक्का सांगतो प्रत कुणी काढली. फोटो कुणी काढला हे तो सांगत नाही. बसणारा बाप 1905 च्या पगडीत, शिक्का 1930 च्या मालकाचा, आणि लिहिणारा त्या मालकाला 1905 सालात नेऊन बसवतो. मग हिशोब जुळेना झाला की मधे एक पिढी कल्पनेने घुसडतो.

हे ओळखायचं कागदावरून. अल्ब्युमेन प्रतीचा (अंड्याच्या बलकाचा नव्हे, पांढऱ्याचा लेप दिलेला जुना) कागद इतका पातळ असतो की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय तो गुंडाळून जातो. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, उजळ भाग पिवळटलेले असतात. हा कागद 1890 च्या दशकानंतर झपाट्याने मागे पडला. नंतरच्या जिलेटिनच्या प्रतीत काळ्या भागाच्या कडेला, फोटो तिरपा धरला की, निळसर चंदेरी झाक येते. नुसत्या तपकिरी रंगावर जाऊ नका, सेपिया (मुद्दाम दिलेली तपकिरी छटा) पुढेही बराच काळ करत. फोटोवरून फोटो काढला असेल तर चेहरा पिठूळ दिसतो आणि कडेला मूळ पुठ्ठ्याची रेघ किंवा टाचणीची सावली राहून जाते.

निगेटिव्हचा नंबर म्हणजे साल नव्हे. '1917' वाचून लोक खूश होतात, तो एक हजार नऊशे सतरावा फोटो असतो. हाफ प्लेट (पावणेपाच बाय साडेसहा इंच) आणि क्वार्टर प्लेट (सव्वातीन बाय सव्वाचार) यांच्या मालिका वेगळ्या असू शकतात, म्हणून आधी आकाराप्रमाणे ढीग करा, मग नंबर लावा. शिक्का बदलूनही नंबर पुढे चालू राहिले तर रजिस्टर हस्तांतरित झालं. एकपासून सुरू झाले तर नवा माणूस मोकळ्या हाताने बसला, नाव भले जुनं असो.

पडद्यावरून फोटोग्राफर ठरवणं हीही तसलीच चूक. रंगवलेला जिना आणि कमान विकली जाते, भाड्यानेही जाते. पडद्याचा उपयोग क्रम लावायला होतो. खालच्या दुमडीला पडलेली चीर, तिच्यावरचं ठिगळ, मग ठिगळाशेजारी नवी चीर: याप्रमाणे एकाच पडद्यासमोरचे दहा फोटो ओळीत लागतात, आणि त्या ओळीत शिक्का नेमका कुठे बदलला हे दिसतं.

पत्त्यावरून काळ पटकन निघतो. 'एलिचपूर' म्हणजे अचलपूर. 'सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) किंवा 'बेरार' (वऱ्हाड) म्हणजे 1950 च्या आधीचं. नागपूर-अमरावतीच्या पत्त्यापुढे 'म. प्र.' असेल तर 1950 ते 1956, कारण तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. सहा आकडी पिनकोड असला तर 1972 नंतरचं. अर्थात छापलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरतात, तेव्हा दोन-चार वर्षं सैल धरा.

आता दोन वंशावळी जिथे एकमेकींना शिवतात तो कागद. दुकानाची जागा नझूलची (शहरातली सरकारी) असेल तर आखीव पत्रिका (त्या जागेचा मालकीचा उतारा) काढा आणि नावाच्या आधी फेरफाराचं, म्हणजे नाव बदलल्याचं, कारण वाचा. 'वारसाने' लिहिलं असेल तर रक्त, 'खरेदीने' असेल तर सौदा. आडनाव एकच असूनही 'खरेदीने' निघू शकतं, चुलत्याने पुतण्याला विकलेलं असतं. जागा भाड्याची असेल तर आखीव पत्रिकेत घरमालक भेटेल, फोटोग्राफर नाही. मग नगरपालिकेची कर आकारणी नोंदवही किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. त्यात मालक आणि भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा) वेगळे लिहितात, आपला माणूस दुसऱ्या रकान्यात असतो. गुमास्ता परवान्याचा (दुकान चालवण्याच्या नोंदणीचा) जुना कागद दुकानात टांगलेला असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्यावरचं नाव वाचा, पाटीवरचं 'स्थापना' साल नको. ते साल बहुधा सर्वांत जुन्या शिक्क्याचं असतं, या घराण्याचं नव्हे.

दुकानदाराला 'तुमचा स्टुडिओ कधीपासूनचा?' असं विचारूच नका, पाटीवरचं साल ऐकायला मिळेल. 'भाऊ, आजोबांनी पडदे अन् काचा कोणाकडून घेतल्या?' असं विचारा. नाव निघतं. ते नाव पुष्कळदा दुसऱ्याच जातीचं, दुसऱ्याच गावचं असतं, आणि शोध तिथून सुरू होतो.

फोटोची फक्त दर्शनी बाजू मोबाइलवर टिपून पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? मागची बाजू, चारही कडा आणि पुठ्ठ्याचा खालचा कोपरा टिपा. तिथला बिनशाईचा उठावाचा ठसा समोरच्या उजेडात दिसत नाही. खोली अंधारी करून टॉर्च कडेला आडवी धरली की उमटतो. पुठ्ठा सोलून फोटो लॅमिनेट केला असेल तर विषय संपला. काच हाती आली तर कडेने धरा, चकाकी नसलेल्या बाजूला बोट लावू नका, लेप तिकडे असतो. त्याच बाजूच्या कडेला शाईने किंवा टोच्याने लिहिलेला नंबर आणि कधीकधी नाव असतं, उलट्या अक्षरात. आरसा जवळ ठेवा.