धुमसती गाठ आणि अग्निशमन जवान

जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आवारात रुईला लागलेल्या आगीच्या ज्वाळा विझल्या, तरी अग्निशमन जवानांचे काम संपत नाही. दाबून बांधलेली कापसाची एक गाठ साधारण 170 किलोंची असते. फवाऱ्याचे पाणी तिच्या वरच्या थरातच राहते आणि आतली रुई तासन्तास धुमसत राहते, म्हणून पट्ट्या तोडून एकेक गाठ फोडावी लागते. खानदेशातल्या माणसाला हे दृश्य नवे नाही. ज्वाळा दिसेनाशा झाल्यामुळे जवान याच वेळी तोंडावरचा मुखवटा उतरवतो, आणि त्याच्या प्रकृतीला सर्वांत फसवा धोका असतो तो याच टप्प्यावर.

अपुऱ्या हवेत धुमसणाऱ्या रुईतून कार्बन मोनॉक्साइड वायू भरपूर बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटया आणि पाइप तयार होतात, तेथील आगीत पीव्हीसी जळाले तर फुप्फुसे पोळणारा हायड्रोजन क्लोराइड निघतो. गादीतला फोम जळाला तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा विषारी वायू. म्हणून धूर निवळला तरी, शेवटची गाठ फुटेपर्यंत श्वसनसंच तोंडावरच हवा.

काजळीचा धोका मात्र संथ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला. फुप्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबतचा पुरावा तिला पुरेसा वाटला. काजळीतील घातक द्रव्ये श्वासातून जातात तशीच मानेच्या घामेजल्या कातडीतूनही शोषली जातात. अमेरिकेतील एका अभ्यासात, घटनास्थळीच साबण, पाणी आणि ब्रश वापरून गणवेश धुतल्यावर त्यावरील अशा द्रव्यांपैकी सुमारे 85 टक्के निघून गेली, तर नुसत्या कोरड्या ब्रशने 23 टक्केच. बंबावर पाणी असतेच, खर्च काय तो साबणाचा. गणवेशाची काजळी शौर्याची खूण म्हणून मिरवण्याची सवय मोडली पाहिजे आणि तो गणवेश घरी, मुलाबाळांत नेणे तर ताबडतोब थांबले पाहिजे.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असताना जवान जाड, अनेक पदरी पोशाख चढवतो; घाम येतो, पण आतल्या आत कोंडल्यामुळे वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. रक्त घट्ट होते, नाडी धावू लागते. अमेरिकेत कामावर असताना हृदयविकाराने झालेल्या जवानांच्या मृत्यूंपैकी 32 टक्के मृत्यू प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते, जरी त्या कामात त्यांचा जेमतेम 1 ते 5 टक्के वेळ जात होता. यावर एक साधा उपाय आहे: विश्रांतीत सावलीला बसून, कोट उतरवून, दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत. तळहातांतून आणि मनगटांतून वाहणारे रक्त थंड होऊन परतते आणि अंगातली उष्णता उतरते. बंबाबरोबर असा एखादा टब जायलाच हवा. वर्षातून एकदा हृदयतपासणीही हवी, आणि ती कागदोपत्री नको.

मनाची दुखापत अशी टबात उतरत नाही. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळ रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्यासारख्या दुर्घटनेत ढिगारा उपसून माणसे बाहेर काढावी लागतात. आणि लहान गावात तो देह ओळखीच्या घरातला निघू शकतो. त्यानंतर काही दिवस झोप उडणे, तो वास पुन्हा जाणवणे हे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, माणूस चिडचिडा झाला असेल, दारूकडे वळला असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. घटनेच्या रात्रीच सर्वांना एकत्र बसवून एकदा बोलते केल्याने हा आजार टळत नाही, असे संशोधन सांगते. त्यापेक्षा पाळीतल्या एखाद्या जुन्या, विश्वासाच्या सहकाऱ्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेजारी बसून ‘झोप लागते का रे?’ एवढे विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ आले तर त्याच्यासमोरच 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, निःशुल्क क्रमांक लावून द्यावा.